पाला पडण्याआधी : लखनऊच्या बागेसाठी सात काटक झुडपं

आजच्या भागात आपण झुडपांबद्दल बोलणार आहोत. थंडीत न मरणारी, उन्हाळ्यात न होरपळणारी आणि वर्षभर काही ना काही दाखवत राहणारी झुडपं. मी लखनऊला गोमती नगरात राहते, त्यामुळे उदाहरणं इथलीच देणार आहे. पण ऐकणारे तुम्ही दिल्लीत असाल, ग्वाल्हेरला असाल, इंदूरला असाल, तर शेवटी तुमच्यासाठीही दोन शब्द आहेत.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

आम्ही इथे आलो तो पहिला हिवाळा. जानेवारीची संध्याकाळ, आकाश अगदी स्वच्छ, वारा नाही. शेजारच्या भाभी कुंपणावरून म्हणाल्या, "आज रात पाला पड़ेगा, पौधे ढक दीजिए." मी मान हलवली. आपल्याकडे पाला म्हणजे झाडाची पानं. मला वाटलं, रात्री पानगळ होणार, सकाळी झाडून काढू. त्यात झाकायचं काय?

सकाळी बाहेर आले तर गवतावर पांढरी साखर भुरभुरावी तसं काहीतरी. तुळस काळी. जास्वंदीची पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. आणि चिपळूणहून, आईच्या परसातून, ओल्या गोणपाटात गुंडाळून रेल्वेने आणलेला कढीपत्ता नुसत्या काड्या होऊन उभा होता. तेव्हा कळलं की हिंदीतला पाला म्हणजे गोठलेलं दव, ज्याला आपल्याकडे दहिवर म्हणतात.

पण खरी चूक मी त्या रात्री केली नाही. ती केली पुढच्या महिन्यात. कढीपत्ता मेला असं समजून मी फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो उपटला. मुळं बाहेर आली, तर ती पांढरी, ओली, जिवंत. बुंध्याशी हिरवे डोळे फुटायला लागलेले. भाभी बघत होत्या. म्हणाल्या, "मरा नहीं था, सो रहा था." पुन्हा लावला, पण मुळं तुटली होती. तो काही जगला नाही. आणि तसलं दुसरं रोप आणायला आता चिपळूणला ते परसही राहिलेलं नाही.

म्हणून आजचा भाग. झुडूप कुठलं निवडायचं हे तर सांगणार आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे झोपलेलं झाड आणि मेलेलं झाड यांत फरक कसा करायचा तेही सांगणार आहे.

इथली थंडी झाडाला मारते कशी

आधी थोडे आकडे. लखनऊ समुद्रसपाटीपासून साधारण १२० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान ७-८ अंशांच्या आसपास असतं, आणि थंडीच्या लाटेत काही रात्री ते ४ अंशांच्याही खाली जातं. डिसेंबरच्या शेवटापासून धुकं पडतं, आणि कधीकधी सलग काही दिवस सूर्यच दिसत नाही. मग मे-जूनमध्ये हाच पारा ४० च्या वर जातो, काही दिवस ४५ गाठतो, वर लू नावाचा कोरडा पश्चिमेचा वारा. म्हणजे एकाच झाडाने वर्षात दोन परीक्षा द्यायच्या, आणि दोन्हींचा अभ्यासक्रम वेगळा.

आता हिवाळ्यातही दोन वेगवेगळे धोके आहेत. आपण ते एकच समजतो.

पहिला धोका दहिवराचा. तो येतो स्वच्छ, शांत रात्री. दिवसभर जमिनीने साठवलेली ऊब रात्री उघड्या आकाशाकडे निघून जाते. थंड हवा जड असते, ती खाली बसते. म्हणून कधीकधी हवामान खात्याचा आकडा ३ अंश असतो, पण गवताच्या पात्यावर बर्फ जमतो. पानातलं पाणी गोठलं की पेशी फाटतात किंवा सुकतात, आणि पान काळं पडतं. यावर उपाय सोपा आहे. झाड आणि आकाश यांच्यामध्ये काहीही आणा. जुनी चादर, गोणपाट, व्हरांड्याचं छत, मोठ्या झाडाची फांदी. इकडे तुळशीला लाल चुनरी घालतात त्यात श्रद्धा आहेच, पण ती तुळशीची खरोखरची शालही आहे.

दुसरा धोका धुक्याचा. धुक्याच्या रात्री दहिवर सहसा पडत नाही, कारण धुकं स्वतःच पांघरुणासारखं काम करतं. पण ऊन नाही, म्हणून माती वाळत नाही. कोकणातली, केरळातली झाडं १० अंशांच्या खाली गेली की त्यांच्या मुळांना पाणी ओढता येत नाही. पानं मलूल होतात. आपल्याला वाटतं, तहानलंय बिचारं. आपण पाणी घालतो. माती थंड, त्यात आणखी पाणी, आणि मुळं कुजतात. माझ्या अनुभवात गोमती नगरातल्या बागांमधली निम्मी झाडं थंडीने मरत नाहीत, मालकाच्या मायेने मरतात.

म्हणून नियम लक्षात ठेवा. जानेवारीत पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर झारी खाली ठेवा. अपवाद एकच. माती पूर्ण कोरडी असेल आणि रात्री दहिवराची शक्यता असेल, तर दुपारीच जमिनीला हलकं पाणी द्या. ओली जमीन कोरड्यापेक्षा जास्त ऊब धरून ठेवते. शेतकरी गव्हाला, बटाट्याला थंडीच्या रात्री पाणी देतात ते याचसाठी.

काटक म्हणजे नेमकं काय

इंग्रजी व्हिडिओंमध्ये थंड प्रदेशातल्या काटक झुडपांच्या याद्या असतात. हायड्रेंजिया, लायलॅक, फोर्सिथिया. फोटो बघून कुणालाही मोह पडेल. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीच्या अंगणात लायलॅक दरवर्षी मे महिन्यात फुलतो, बर्फाखालून उठून. मग तो लखनऊला सहज यायला हवा, नाही का?

नाही येत. कारण त्या याद्या ज्या नकाशावरून केल्या जातात तो फक्त थंडी मोजतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० साली असा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात प्रदेशांचे विभाग पाडले आहेत ते हिवाळ्यातल्या सर्वांत कमी तापमानाच्या सरासरीवरून. उन्हाळ्याचा त्यात विचारच नाही. पुढे १९९७ साली तिथल्याच बागकाम संस्थेने उष्णतेचा वेगळा नकाशा काढला, त्यात वर्षातले किती दिवस पारा ३० अंशांच्या वर जातो ते मोजतात. लखनऊसारख्या ठिकाणी ते दिवस मोजायला बसलात तर अर्ध्याहून जास्त वर्ष त्यात जाईल. शिवाय लायलॅकला फुलण्यासाठी दीर्घ, कडक थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. म्हणजे हिवाळा त्याला अपुरा, आणि उन्हाळा नको इतका.

उलट, आपली कोकणातली झाडं उन्हाळ्याची सवय असलेली, पण दमट उन्हाळ्याची. लूमध्ये त्यांची पानं कडेने जळतात, आणि जानेवारीत ती गारठतात.

म्हणून इथे काटक म्हणजे जे जानेवारीत ४ अंशांना टिकतं आणि मेमध्ये ४५ अंशांनाही टिकतं ते. आणि टिकणं म्हणजे हिरवंगार राहणं असंही नाही. काही झाडं पानं टाकून टिकतात. तो त्यांचा शहाणपणा आहे.

मातीचं काय

झाड मरतं त्याचं तिसरं कारण थंडीही नसते, ऊनही नसतं. ते असतं माती. लखनऊची माती गंगेच्या मैदानातली गाळाची, साधारणपणे अल्कधर्मी. जिल्ह्यात काही ठिकाणी तर ऊसर जमीन आहे, जिथे खारट पांढरा थर वर येतो आणि पाणी जिरत नाही. शिवाय नव्या घरांच्या अंगणात वरच्या फूटभर मातीखाली बांधकामाचा राबिट भरलेला असतो, सिमेंट आणि चुना. त्यात बोअरचं जड पाणी. या सगळ्याने मातीचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या वर जातो.

अशा मातीत लोह असलं तरी झाडाला मिळत नाही. एक्झोरा आणि अनंत यांची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. ही खूण ओळखून ठेवा. कोकणातल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत ही झाडं खाऊन-पिऊन सुखी असतात. इथे ती जेवणाच्या ताटापुढे उपाशी बसलेली असतात. ती लावायचीच असतील तर कुंडीत लावा, पानांचं खत जास्त घाला आणि जमलं तर साठवलेलं पावसाचं पाणी द्या. जमिनीत लावायला ज्यांना ही माती चालते तीच झुडपं निवडा.

सामू तपासायला कागदी पट्ट्या मिळतात. एक भाग माती, दोन भाग स्वच्छ पाणी, ढवळून अर्धा तास ठेवायचं, आणि वरच्या निवळीत पट्टी बुडवायची. ८.५ च्या वर आकडा आला, तर माती परीक्षण केंद्रात नमुना द्या आणि जिप्सम किती घालायचं ते तिथून विचारून घ्या. अंदाजाने घालू नका.

नर्सरीत जाण्याआधी नावं पाठ करा

हा भाग गमतीचा आहे, पण पैसे वाचवणारा आहे. आपलं मराठी नाव इथे सांगितलंत तर भलतंच रोप हातात येतं.

मोगरा इथे बेला. पारिजातक म्हणजे हरसिंगार. तगर म्हणजे चांदनी. जाई म्हणजे चमेली. जास्वंद म्हणजे गुड़हल. अनंत म्हणजे गंधराज. कुंती म्हणजे कामिनी. करवंद म्हणजे करौंदा. कढीपत्ता म्हणजे मीठा नीम, त्यामुळे "कडुलिंब नको, तो दुसरा" असं म्हणत बसू नका.

पारिजातकाचं तर विशेषच. उत्तर प्रदेशात कुणाला पारिजात विचारलंत तर तो तुम्हाला बाराबंकी जिल्ह्यातल्या किंतूर गावाचा रस्ता दाखवेल. तिथला प्रसिद्ध, पूजला जाणारा पारिजात वृक्ष म्हणजे प्रत्यक्षात गोरखचिंच आहे, आफ्रिकेतला बाओबाब. बुंधा एवढा प्रचंड की तुमचं अख्खं अंगण त्यात मावेल. सकाळी केशरी देठाची फुलं अंगणात पडायला हवी असतील तर हरसिंगारच म्हणा.

सात झुडपं, बारा महिने

आता मुख्य मुद्दा. बहुतेकजण नर्सरीत जातात, त्या दिवशी जे फुललेलं दिसतं ते घेऊन येतात. फेब्रुवारीत गेलात तर सगळी बाग फेब्रुवारीची होते. मार्चनंतर बघायला काही नाही. त्यापेक्षा कागदावर बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यापुढे एक झुडूप बसवा. फूल नसेल तर फळ, फळ नसेल तर साल, तेही नसेल तर नुसती हिरवी भिंत. मी अशी सात झुडपं निवडली आहेत. ही सातही थंडीत टिकतात, लूमध्ये टिकतात आणि इथली माती सहन करतात.

पहिलं, कुंद. हिवाळ्यातलं फूल म्हणून याच्यासारखं दुसरं नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, बाहेर धुकं आणि कुंपणावर पांढऱ्या चांदण्या. संस्कृतात याला माघ्य असंही नाव आहे, माघात फुलणारं. दातांना कुंदकळ्यांची उपमा देणारे आपण, पण लावतो मात्र मोगरा. याला ऊन द्या, म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेकडून येणारं ऊन मिळेल अशी जागा. फुलं संपली की मार्चमध्ये एक तृतीयांश छाटा.

दुसरं, बोगनवेल. फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा पावसानंतर. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरं फूल आत बारीक पांढरं. म्हणूनच रंग इतके दिवस टिकतो. हिला लाड चालत नाहीत. पाणी जास्त झालं की नुसती पानं येतात. रोप लहान असताना पहिला हिवाळा मात्र झाका, नंतर ती स्वतःचं बघते. बोगनवेलीच्या बाबतीत लखनऊ म्हणजे माहेरच. इथल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत तिचा मोठा संग्रह आहे आणि तिथेच तयार झालेल्या दोन वाणांची नावं आहेत बेगम सिकंदर आणि वाजिद अली शाह. लखनऊची बोगनवेल, नाव दुसरं काय असणार?

तिसरं, मोगरा. एप्रिल ते जून, ऐन लूमध्ये. दिवसा वारा अंग भाजतो आणि संध्याकाळी मोगरा उघडतो. हिवाळ्यात तो झोपतो, पानं निस्तेज दिसतात, घाबरू नका. डिसेंबर-जानेवारीत पाणी अगदी कमी करा. थंडीचा जोर ओसरला की गुडघ्याएवढा छाटा, बुंध्याशी शेणखत द्या आणि मग पाणी सुरू करा. ही विश्रांती नीट मिळाली तरच कळ्या लगडतात.

चौथं, सावनी. हिचं मराठी घरात नाव कमी ऐकू येतं, पण नातं जवळचं. महाराष्ट्राचं राज्यफूल तामण, त्याची ही चिनी धाकटी बहीण. जून ते सप्टेंबर कुरकुरीत झालरीसारखी गुलाबी, जांभळी, पांढरी फुलं. हिवाळ्यात सगळी पानं टाकते. नवखा माणूस म्हणेल, गेली. पण तेव्हा तिचा बुंधा बघा. साल पापुद्र्यांनी निघून आतला गुळगुळीत, बदामी रंग दिसतो. जानेवारीच्या तिरप्या उन्हात तो हात फिरवावासा वाटतो. शून्याच्या बऱ्याच खालची थंडी सहन करणारं हे झुडूप आहे, लखनऊचा जानेवारी तिला काहीच नाही. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी फेब्रुवारीत.

पाचवं, करवंद. हो, आपली डोंगरची काळी मैना. इथे तिला परसातल्या कुंपणाचा मान आहे. वर्षभर हिरवीगार, काटेरी, गाय तोंड लावत नाही, मांजर आत शिरत नाही. खराब, खारट जमिनीतही उभी राहते. मार्च-एप्रिलमध्ये सुगंधी पांढरी फुलं. आणि फळ? आपल्याकडे करवंदं मे महिन्यात, इथे ती पावसाळ्यात येतात, पांढरी-गुलाबी, आंबट, आणि त्यांचं मिरचीबरोबर लोणचं किंवा भाजी करतात. पहिल्यांदा मी ती पिकून काळी व्हायची वाट बघत बसले आणि भाभींनी माझ्या देखत अर्धी तोडून फोडणीला टाकली. आता आम्ही वाटणी केली आहे. कच्ची त्यांची, पिकलेली माझी. कुंपणासाठी दोन रोपांत अडीच ते तीन फूट अंतर ठेवा.

सहावं, पारिजातक. सप्टेंबर ते नोव्हेंबर. गणपती संपता संपता सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत पहाटेचा सडा. हा हिमालयाच्या पायथ्याच्या रानातला रहिवासी, म्हणून इथली थंडी त्याच्या ओळखीची आहे. थंडी सरता सरता पानं गाळतो आणि उन्हाळ्यात काही काळ ओकाबोका दिसतो. म्हणून त्याला दर्शनी भागात एकटा ठेवू नका, पुढे हिरवं काहीतरी लावा. पाणी साचणारी जागा त्याला अजिबात नको.

सातवं, कोरांटी. आपण हिला गरीब समजतो. रस्त्याकडेला उगवते, देवाला वाहतात, पण विकत कोण घेतं? आणि इथे ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये, पावसाळी फुलं संपलेली, हिवाळी हंगामी फुलांची रोपं अजून बोटभर, तेव्हा जांभळी-पांढरी-गुलाबी कोरांटी एकटी बाग सांभाळते. अर्ध्या सावलीतही चालते. फुलं संपली की थंडी गेल्यावर जमिनीपासून वीतभर ठेवून कापा.

हे सात जण एका ओळीत नका लावू. मागे कुंपणाला करवंद. कोपऱ्यात सावनी आणि पारिजातक, एकमेकांपासून निदान आठ-दहा फूट. उन्हाच्या भिंतीशी बोगनवेल. चालायच्या वाटेशी मोगरा आणि कुंद, कारण त्यांचा आनंद जवळून घ्यायचा असतो. पायथ्याशी कोरांटी. जागा लहान असेल तर सावनी आणि पारिजातक यांतलं एकच निवडा. हिरवी भिंत हवी आणि काटे नकोत, तर करवंदाऐवजी कुंती लावा. कण्हेरही अतिशय काटक, रस्त्याच्या दुभाजकात टिकते म्हणजे बघा, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात लहान मुलं असतील किंवा गाय-बकरी येत असेल तर विचार करून लावा.

लावायचं कधी

दोन मुहूर्त आहेत. जुलै-ऑगस्ट, आणि फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य. माझा कल जुलैकडे. जुलैत लावलेल्या झुडपाला पहिली थंडी येईपर्यंत चार-पाच महिने मुळं पसरायला मिळतात. मार्चमध्ये लावलेल्याला लू यायच्या आधी जेमतेम सहा-आठ आठवडे.

खड्डा दीड ते दोन फूट लांब, रुंद, खोल. राबिट निघाला तर तो परत आत लोटू नका, बाहेर फेका. निघालेल्या चांगल्या मातीत एक तृतीयांश कुजलेलं शेणखत मिसळा. मुख्य म्हणजे खड्डा पाण्याने भरून बघा. दोन-तीन तासांत पाणी जिरलं तर ठीक. तसंच साचून राहिलं तर तिथे झुडूप लावू नका, किंवा जमीन फूटभर उंच करून लावा.

मे महिन्यासाठी बुंध्याभोवती तीन बोटं जाड पालापाचोळ्याचं आच्छादन करा, पण खोडाला चिकटवू नका. पाणी पहाटे, भरपूर आणि मुरेल असं, रोज थोडंथोडं शिंपडून नाही. नव्या रोपांवर पहिल्या उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधा.

पंचमी आणि होळी

आता मघाशी म्हटलं ते. झोपलेलं की मेलेलं, हे कसं ओळखायचं?

मी दोन सणांचा नियम पाळते. वसंत पंचमीपर्यंत कात्री लावायची नाही. होळीपर्यंत उपटायचं नाही.

पंचमीपर्यंत कात्री का नाही? कारण छाटलं की झाड नवी फूट काढतं, आणि कोवळी फूट पहिल्या दहिवरात जळते. काळी पडलेली पानं दिसायला वाईट असतात, पण ती खालच्या डोळ्यांवर पांघरूण घालून बसलेली असतात. राहू द्या. याच कारणाने ऑक्टोबरच्या मध्यानंतर या झुडपांना युरियासारखं खतही देऊ नका. पंचमी लवकर आली आणि थंडी रेंगाळली असेल, तर आणखी आठवडाभर थांबा.

पंचमीनंतर नखाची परीक्षा घ्या. फांदीच्या टोकाशी नखाने साल हलकेच खरवडा. आत हिरवं आणि ओलं दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर थोडं खाली येऊन पुन्हा खरवडा. जिथे हिरवं लागेल तिथे, त्याच्या वरच्या डोळ्यापाशी कापा. बुंध्यापर्यंत तपकिरीच असेल तरीही उपटू नका. कढीपत्ता, जास्वंद, हमेलिया ही झाडं वरून पूर्ण जळली तरी मुळातून फुटतात. दिवस उबदार झाले की बुंध्याशी बघत राहा. होळी झाली, नंतर दोन आठवडे गेले, तरी काही हालचाल नाही, तर मग त्याला निरोप द्या.

तुळशीचं वेगळं. ती इथल्या कडाक्यात झाकूनही कधीकधी जाते. म्हणून नोव्हेंबरमध्ये वाळलेल्या मंजिऱ्या काढून कागदात बांधून ठेवा आणि मार्चमध्ये पेरा. तुळशीच्या लग्नानंतर लगेच हे काम केलं की विसरायला होत नाही.

बघायला शिका

लखनऊत राहत असाल तर एक काम करा. सिकंदर बागेजवळ राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेची बाग आहे. ही संस्था १९५३ सालापासून सीएसआयआरकडे आहे. डिसेंबरमध्ये तिथे शेवंती आणि कोलियसचं प्रदर्शन भरतं, जानेवारीत गुलाब आणि ग्लॅडिओलसचं. लोक फुलं बघायला जातात. तुम्ही झुडपंही बघा. ऐन थंडीत कुठलं हिरवं आहे, कुठलं लाल पडलंय, कुठलं झाकलंय, ते लिहून घ्या. मग मेच्या शेवटी सकाळी सहाला जनेश्वर मिश्र पार्कात किंवा घराजवळच्या कुठल्याही बागेत तशीच फेरी मारा. ज्या झुडपाचं नाव दोन्ही कागदांवर आलं ते डोळे मिटून घ्या. कुठल्याही यादीपेक्षा, माझ्या यादीपेक्षाही, हे दोन कागद खरे.

आणि जे दुसऱ्या गावी आहेत त्यांच्यासाठी. दिल्ली, ग्वाल्हेर, कानपूर, प्रयागराज इथे हीच सात झुडपं जशीच्या तशी चालतील. इंदूर, उज्जैनला काळी माती आहे, ती पाणी धरते, म्हणून तिथे उंचवट्यावर लावा, विशेषतः पारिजातक. नागपूरकरांना थंडीची काळजी कमी, उन्हाची जास्त, तुम्ही जास्वंद आणि तगरही सुखाने वाढवू शकता. डेहराडूनला मोगऱ्याला जास्त जपा, सावनी मात्र बिनधास्त लावा.

शेवटी, माझ्या अंगणात आता कढीपत्ता आहे. चिपळूणचा नाही. भाभींच्या झाडाच्या मुळाशी फुटलेलं रोप त्यांनी दिलं. दर जानेवारीत तो काड्या होतो आणि दर जानेवारीत घरातलं कुणीतरी विचारतं, "हा गेला का?" मी सांगते, होळीनंतर बोलू. फोडणीत त्या दोन महिन्यांत वाळवून ठेवलेली पानं टाकते. मार्चच्या शेवटी बुंध्याशी तांबूस-हिरवे कोंब दिसतात.

तुमच्याही बागेत या हिवाळ्यात काही काड्या उभ्या असतील. खुरपं उचलण्याआधी नखाने जरा खरवडून बघा.

पुढच्या भागात भेटू, कुंडीतल्या मातीबद्दल बोलायला. नमस्कार.